पांढरं बीट

एकवीस वर्षं मी त्याच्या अंगावर रक्त लावलं.
आधी चॉकलेटचा पाक, कारण कृष्णधवल पडद्याला
लाल काय नि तपकिरी काय, सगळं सारखंच.
मग रंग आले. तेव्हा एकदा मी घरून
बीट किसून, फडक्यातून पिळून रस नेला.
ग्लेन हसत सुटला.
म्हणाला, कॉन्सुएलो, आमच्याकडचं बीट पांढरं असतं.
साखरेचं. सहा वर्षांचा होतो तेव्हापासून
त्याचे शेंडे छाटत आलो, टोकाला आकडा असलेल्या कोयत्याने,
नोव्हेंबरात, बोटं बधिर होईतो,
पण हात कधी लाल झाले नाहीत.
मग डावा हात बघत: बीटाने, म्हणजे.

(त्या हाताची करंगळी अर्धीच.
म्हणून त्याच्या प्रत्येक खलनायकाला हातमोजे.)

ग्लेन रिज हे नाव स्टुडिओतल्या कुणीतरी
एक सिगारेट संपायच्या आत ठेवलेलं.
आईने ठेवलेलं गॉटलीब. गॉटलीब राइसिग.
नेब्रास्कात नदीकाठी एक खोली, नऊ भावंडं,
माणसं व्होल्गाकाठाहून आलेली,
आणि घरात एक जर्मन, दीडशे वर्षं
बाहेरचा वारा न लागलेलं,
बरणीतल्या लोणच्यासारखं मुरलेलं.
पहिल्या युद्धात शेजाऱ्यांनी त्यांच्या दाराला
रातोरात पिवळा रंग फासला.
तेव्हा नाव गेलं त्याचं त्याला फारसं वाटलं नाही.

दुसऱ्या युद्धात मात्र त्याला जर्मन अधिकारीच मिळू लागले.
उच्चार शिकवायला आलेले गृहस्थ
त्याचं पहिलं वाक्य ऐकून म्हणाले,
हे कसलं जर्मन!
मग आठवडाभर माझ्याच आरशासमोर बसून
तो बापाची भाषा
परक्यासारखी बोलायला शिकला.
पैसे बरे मिळायचे. त्याची काही तक्रार नव्हती.
माझी आहे.

मरायचा मात्र झकास.
पायऱ्यांवरून, घोड्यावरून, एकदा सुपाच्या ताटलीत.
बायको, मेबेल, म्हणायची एकोणसाठ वेळा. तो म्हणायचा एकसष्ट.
दोन मरणं संकलनात कापली गेली होती,
ती धरायची की नाही, यावर त्यांचं
लग्न टिकलं तोवर भांडण चाललं.

एकाच सिनेमात तो शेवटपर्यंत जिवंत होता.
शेवटच्या दृश्यात दारात उभं राहायचं,
गाडी जाताना बघायची, बस्स.
एकोणीस वेळा घेतलं.
मला हळूच विचारतो, हातांचं काय करू?
मी पावडर लावायचं निमित्त करून
त्याचे हात त्याच्याच खिशात घातले.
ते दृश्यही पुढे काढून टाकलं.
मला अजून पाठ आहे ते.

मग मी निवृत्त झाले, तो टीव्हीवर मरत राहिला,
मेबेल गेली, आणि एके दिवशी
वृद्धाश्रमातून लिगाया नावाच्या नर्सचा फोन आला.
म्हणाली, इंग्रजी विसरलेत. काय बोलतात कळत नाही,
पण काल रात्रीच्या जुन्या सिनेमात
मी त्यांना गोळी लागताना पाहिलं, आणि रडले.

गेले. खिडकीशी बसलेला.
एवढासा झालेला चेहरा; सवयीने मनात आलं,
गालाखाली जरा सावली हवी.
तो पुन्हा पुन्हा एकच काही विचारत होता.
म्युनिकहून शिकायला आलेला एक पोरगेला डॉक्टर होता,
त्याला बोलावलं. त्याने कान लावला, बराच वेळ.
म्हणाला, विचारतायत, किती ओळी राहिल्या?
शेतातल्या की कागदावरच्या, ते कळत नाही.
शब्द फार जुना आहे.

मी म्हटलं, सांग, एकच. तीही सोपी.

डॉक्टरने सांगितलं, नीट, सावकाश,
त्याच्या स्वच्छ शहरी भाषेत.
ग्लेनने ऐकलं. कपाळाला आठी घातली.
आणि कित्येक महिन्यांनी इंग्रजीत, लख्ख, म्हणाला,
हे कसलं जर्मन!