ओठांवर सारखेच

चौथ्या वर्षी तापात कान गेले.
माझगावच्या गोदीचे भोंगे त्यानंतरही वाजत असणार,
चाळीतली भांडणं, कुकर, वडिलांचा खोकला.
मी ओठ शिकले.

शाळेत चेंबूरकरबाई आरशासमोर बसवायच्या.
म्हणायच्या, बाप, पाप, माप,
ओठांवर तिन्ही सारखेच.
फरक घशात असतो, तो तुला दिसणार नाही.
मागचंपुढचं बघायचं, मग ठरवायचं.

रविवारी भायखळ्याला आमच्या देवळात
(देऊळच म्हणायचो आम्ही, चर्च शेजारीपाजारी म्हणत)
मी खांबाच्या कडेला बसायची.
पाळकसाहेबांच्या मिशा दाट.
त्यांचा एकही उपदेश त्यातून बाहेर आला नाही.
म्हणून मी सत्यवतीबाई पारधे वाचायची.

एकदा आईने शास्त्रातल्या ओळीवर बोट ठेवलं:
मूल नसलेली ती बाई, देवापुढे एकटी,
ओठ हलतायत, आवाज नाही,
आणि दारातला म्हातारा याजक तिला प्यालेली समजतो.
मी अकरा वर्षांची. मला याजकाचा राग आला.
जन्म देवाच्या दारात काढला
आणि ओठ वाचता येऊ नयेत?

सत्यवतीबाईंनाही मूल नव्हतं.
त्या काय मागतात ते सगळ्या देवळाला ठाऊक होतं.
त्या काय म्हणतात ते फक्त मला.
त्या सांगायच्या, पाणी साडेचारला आलं आणि लगेच गेलं.
सासूबाईंच्या पाठीला जखम झालीय, बघितलीस का तू?
नणंदेला नको ते बोलून बसले,
मला मागे घेता येत नाही, तू तरी घे.
आणि मग एकच शब्द, पुन्हा पुन्हा,
बाप की पाप की माप.
मागंपुढं काहीच नव्हतं. मला ठरवता आलं नाही.

मध्येच त्यांनी डोळे उघडले.
दुसऱ्याचं पत्र फोडताना सापडावं तशी मी.
पदर तोंडावर गेला.
पण पुढच्या रविवारी त्या माझ्या पुढच्याच बाकावर,
जरा तिरक्या, खिडकीचा उजेड तोंडावर पडेल अशा.
पदर खांद्यावर.

उपासना सुटली की फाटकाशी वडेवाला.
त्या दोन वडे उभ्यानेच खायच्या, मिरचीसकट.
शास्त्रातली ती बाईसुद्धा उठून जेवली होती,
तोंड उतरलेलं राहिलं नव्हतं,
मूल तेव्हा अजून कुठेच नव्हतं.
हे उपदेशात आलं की नाही, कोण जाणे. मिशा.
सत्यवतीबाईंना मूल झालं नाही, शेवटपर्यंत.
वडे मात्र दर रविवारी.

परवा इस्पितळात ह्यांना आत नेलं.
तिसऱ्या मजल्यावरच्या बाकावर मी डोळे मिटून,
आपली नेहमीसारखी, मनातल्या मनात.
वॉर्डबॉयने खांदा हलवला. त्याचे ओठ:
आजी, ओरडू नका.

म्हणजे आवाज येत होता.
म्हणजे साठ वर्षं येत होता.
शाळेतली चोरी, वडिलांवरचा संताप,
लग्न ठरेना तेव्हाचं सगळं,
मी मुकाट्याने सांगत होते असं फक्त मला वाटत होतं.
आख्खं देऊळ ऐकत होतं, एकाही रविवारी
कुणी माझा खांदा हलवला नाही.
आणि सत्यवतीबाई तिरक्या का बसल्या
ते आत्ता कळतंय.
फिटंफाट केली बाईंनी.

काय ऐकलं असेल त्यांनी?
घशातला फरक मला कधी जमलाच नाही.
बाप म्हणत होते, की पाप, की नुसतंच माप,
ज्याचं त्याने मागचंपुढचं बघून ठरवलं असेल.

डॉक्टर बाहेर यायला अजून दोन तास होते.
जिना उतरून खाली गेले.
वडा घेतला.
मिरचीसकट.