गाली

पान ओलं राहिलं पाहिजे,
आठव्या वर्षी आईनं मला एवढंच शिकवलं.
गोणपाटात गुंडाळलेलं पान
वारा लागला की कडक होतं, कात्रीखाली तडकतं.
आणि सुपातला जरदा,
तो तर कुणी दार जोरात ओढलं तरी उडतो.
म्हणून खिडकी बंद. खिळा मारून.
पंखा बंद.
दाराला जुनी चादर, मोराची,
मोराचा एक पाय उसवलेला.

आमच्या तेलुगूत वाऱ्याला गाली म्हणतात.
शेजारच्या हिंदीत ती शिवी.
ह्या घरात दोन्हींचा अर्थ एकच होता.
आत आली की सगळे ओरडायचे,
बंद कर, बंद कर ते.

एप्रिल. दहा बाय बाराची खोली.
आढ्याच्या अँगलला साडीची झोळी,
झोळीत हारिका, सात महिन्यांची,
खाली मी, मांडीत सूप.
पायानं झोका द्यायचा, हातानं विडी वळायची,
हजार झाल्याशिवाय पाय थांबवायचा नाही.
एकदा तिच्या पापणीवर तपकिरी ठिपका दिसला.
काजळ फिसकटलं म्हणून पदराच्या टोकाला
थुंकी लावून पुसला,
मग तेच टोक दातात धरून दोरा तोडला.
कडू लागलं.

रात्री अंबादास मागावरून यायचा,
भुवया पांढऱ्या, कानात कापूस.
तो पांढरं आणायचा, माझ्याकडे तपकिरी,
मधल्या मधे ती.
वर डासांची कॉइल, बाजेखाली,
हिरवं वेटोळं सकाळपर्यंत राख होऊन
तसंच वेटोळं राहायचं.

लसीचा डबा घेऊन शहनाजताई आल्या,
उंबऱ्यातच तीन शिंका.
काहीतरी बोलणार होत्या,
सुपाकडे पाहिलं,
माझ्या बोटांकडे पाहिलं.
"माझी अम्मीही वळायची," एवढंच म्हणाल्या,
आणि कार्डावर वजन लिहिलं.

गुरुवारी रात्री तिचा श्वास
विडीच्या दोऱ्यासारखा झाला,
गुंडाळ, ओढ, गाठ,
गुंडाळ, ओढ, गाठ.
रिक्षात मी तिच्या बरगड्या मोजत होते,
मोजायची सवय, पंचवीसला थांबायची.
सिव्हिलमध्ये वाफेचा मास्क तिच्या तोंडापेक्षा मोठा.
डॉक्टर पोरगाच होता, झोप न झालेला.
"घरात कुणी विडी ओढतं का?"
नाही, मी म्हणाले.
कुणीच ओढत नाही.
खरं सांगितलं.
देवाशप्पथ, आमच्या घरात कुणी विडी ओढत नाही.

शनिवारी उलथन्यानं खिळे काढले.
तिसरा निघेना, तो ठेवला वाकवून.
झडपेच्या फटीत किती वर्षांचा जरदा,
आधीच्या भाडेकरणीचाही असेल,
तीही बाळंतीण होती म्हणतात.
सूप घेऊन बाहेर पायरीवर बसले, यल्लूबाईजवळ.
ती म्हणाली, येडी काय, पान वाळेल ना.
वाळलंच.
हजाराचे सातशे चाळीस झाले,
त्यातली ब्रँचवाल्यानं छाट काढली ती वेगळी.
मंगळवारचा हप्ता त्या आठवड्यात
कानातल्यांनी भरला.

पाजायच्या आधी कोपरापर्यंत हात धुते,
साडी बदलते. केसांत राहतोच.
अंबादास नळावर डोकं खंगाळून मगच आत येतो,
कॉइल फेकून दिली, मच्छरदाणी आणली,
तिलाही चार भोकं.
आणि खिडकीतून येतं ते काही देवळातलं नाही,
पलीकडच्या कारखान्याचं पिंजण येतं,
रस्त्याची माती, कुणाच्या मिरच्यांची फोडणी.
तरी येतं. आणि जातंही,
हे मला माहीतच नव्हतं,
की ते जातंही.

आज दुपारी चादर हलली,
मोराचा उसवलेला पाय हलला.
झोळी जराशी फुगली.
पायरीवरून मला दिसत होतं,
गाली आली
आणि हारिकाच्या गाली लागली,
ती झोपेत ओठ चोखत राहिली.
सवयीनं माझं तोंड उघडलं, बंद कर म्हणायला.

हातातलं पान तडकलं.
दुसरं घेतलं.