एकसष्टावा पक्षी

पहाटे साडेपाचला दिनयारने हॉर्न न वाजवता
गाडीचे दिवे दोनदा उघडमीट केले.
तीस वर्षांची खूण.
हॉर्नने म्हणे घुबड उडतं.
आमच्या गल्लीत घुबड नाही,
पण असो.

फाटकाशी होळीची राख अजून ओली.
मागे वैजयंती, मांडीवर घावनांचा डबा,
आणि अग्नेल, ज्याच्या दुर्बिणीचा पट्टा
गेली सात वर्षं बुटाच्या नाडीवर तगून आहे.

शिलोंढ्याच्या वाटेवर सावरीखाली
पाय ठेवायला जागा नव्हती,
जाड लाल फुलं, बुटाखाली कचकन मोडणारी.
वर कोतवाल, मैना, भोरड्यांचं टोळकं,
मध्येच एक खार.
पहिल्याच पंगतीत बसायचं म्हणून
सगळ्यांची ढकलाढकल.
दिनयार वहीत लिहीत होता, खाली न बघता,
अक्षर तरी सरळ.

मग कुसुंबाच्या तांबूस पालवीतून
एक बारीक आवाज आला,
सुई पाटीवर ओढावी तसा.
च्विस्. थांबून, च्विस्.
आम्ही तिघांनी एकदमच माना वर केल्या.
दिनयार चष्मा पुसत होता.

हाच दिनयार. ज्याने आम्हाला
सुभगाची शीळ कुठे मोडते ते शिकवलं,
तांबटाचे ठोके मोजायला लावले,
आणि एका मे महिन्यात आरेमध्ये
खडी फोडणाऱ्या यंत्राच्या घरघरीतून
नवरंग वेगळा काढून दाखवला.

पुन्हा च्विस्.
तो म्हणाला, "वटवट्या नाय यंदा.
लवकर गेले काय?"

अग्नेलने थर्मासचं घट्ट बसलेलं झाकण
आणखी घट्ट केलं.
वैजयंतीने फांदीकडे बोट उचललं
आणि त्याच बोटाने केस मागे सारले.
मी? मी घावन खात होतो.
घास गिळता गिळेना.

दुपार कलल्यावर भांडुपची खाडी.
तिवरांचा खारट कुबट वास,
त्यावर पंपिंग स्टेशनचा आणखी एक,
ज्याला आम्ही कधीच नाव दिलं नाही.
ओहोटीच्या चिखलात पाणटिवळे,
दोनशे तरी असतील,
चोची मुळापर्यंत रुतवून खाणारे.
हिवाळाभर मळखाऊ करडे होते,
आता मानेवरून विटकरी उतरू लागलेला.
महिन्याभरात निघतील,
सामान म्हणून फक्त अंगावरची चरबी.

कुठेतरी उत्तरेला बर्फाचं नुकतंच पाणी झालं असेल,
भूर्जांच्या रानाकडेच्या दलदलीत
असेच चौघं मफलर गुंडाळून उभे राहतील,
म्हणतील, आले, आपले घरी आले.
आम्हीही दर कार्तिकात
हेच म्हणतो, ह्याच शब्दांत.

तेवढ्यात थवा उठला.
बहुधा भोवत्या आला असावा, दिसला नाही.
चारशे पंखांचा एकच जाड आवाज,
आणि दिनयारने मान वळवली
आमच्याही आधी.
मला उगाच बरं वाटलं, मग तेच बोचलं.

बॉनेटवर वही ठेवून त्याने बेरीज केली.
"साठ."
"एकसष्ट," वैजयंती म्हणाली.

त्याचा नियम आम्हाला पाठ आहे:
पाहिला नाही, ऐकला नाही, तर लिहायचा नाही.
ह्यावरून त्याने कॉलेजातली पोरं रडवलीत.
त्याने एकेकाचा चेहरा पाहिला,
दुर्बीण न लावता, पण तितक्याच वेळ.
"कुठे?"
"कुसुंबात."
"कितीदा?"
"पाच-सहादा तरी."

पेन थोडा वेळ हवेतच राहिलं.
मग त्याने लिहिलं: वटवट्या, एक.
समोर कंसात आम्हा तिघांची आद्याक्षरं.
स्वतःचं नाही.

टोपण लावलं. खाडीकडे बघितलं.
"कसा होता?" म्हणाला.
अग्नेल, ज्याला चर्चच्या गायकवृंदातून
दहाव्या वर्षीच घरी पाठवलं होतं,
त्याने ओठ आवळून आवाज काढला.
अगदी भिकार.
दिनयार त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.
"पुन्हा कर," म्हणाला.