सध्या दुसरीकडे चालू

पहिला महिना फुकट होता, म्हणून घेतलं.
आधीच विचारलं : आवडते गायक निवडा, तीन.
तीनच?
स्थळं बघतानाही एवढा घोळ घातला नव्हता मी.

मग स्विंडनच्या या स्वयंपाकघरात
भांडी विसळताना मारवा लावला,
साबणाचे हात, आवाज कोपरानं वाढवला.
जूनमध्ये इथे दिवस मावळतो साडेनऊला,
तेव्हा मारव्याची वेळ नेमकी कुठली
हे त्यालाही ठाऊक नव्हतं, मलाही.
दोन दिवसांत म्हणालं, खास तुमच्यासाठी :
झोपेसाठी पावसाचा आवाज, आठ तास.
पाऊस! स्विंडनमध्ये! तोही विकत!

पण सांगायचं होतं ते वेगळंच.
मंगळवारी रात्री, विलंबित ऐन भरात,
गाणं थांबलं. समेच्या दोन मात्रा अलीकडे.
पडद्यावर बारीक अक्षरं :
सध्या शर्वाणीच्या फोनवर चालू.

शर्वाणी डंडीला असते.
विचारलं तर 'बरंय' म्हणते, न विचारलं तर तेही नाही.
पावणेबारा वाजले होते.
म्हणजे खोलीवर पोचली.
काय ऐकतेय तेही दिसत होतं :
कुणी बाई, नाव उच्चारता येईना,
एकच गाणं, तिसऱ्यांदा.
मी नळ बंद केला
आणि ते संपेपर्यंत उभा राहिलो,
इकडे काहीच ऐकू येत नसताना.

कामावरचा गॅव्हिन म्हणतो, फॅमिली प्लॅन घे,
थोडे पौंड जास्त, पण कुणी कुणाला अडवत नाही.
घेतो म्हणालो.

हल्ली निजायच्या आधी काहीतरी लावून ठेवतो
आणि ते थांबायची वाट बघतो.