नाशिक गॅस्केट

तीन वर्षं वेकरिया म्हणजे
एक गोल फोटो, त्यात चेहराही नाही,
कंपनीचा बोर्ड.
राजकोटहून विचारायचा, 'बेन, रेट?'
मी सातपूरहून गॅस्केटचा फोटो टाकायचे,
शेजारी व्हर्नियर,
आकडा दिसेल असा.
दिवाळीला त्याचा दिवा यायचा, दोनशे जणांना गेलेला;
मीही तोच पुढे ढकलायचे.
पैसे नव्वद दिवसांनी. कधी शंभर.

एका बुधवारी पहाटे, 'नाशिक आ रहा हूँ.'
मी शेड झाडून घेतली,
नवी सँपल मांडली,
मनात ठरवलं, साडेतीन टक्के सूट,
वर एक पैसा नाही.
त्यानं लोकेशन पाठवलं:
रामकुंड.

मुंडण केलेला, ओल्या धोतरात कुडकुडणारा
बुटका माणूस.
आवाजावरून ओळखला.
हातात लाल फडक्यात बांधलेला तांब्या.
'बापूजी,' एवढंच म्हणाला.
गुरुजींनी विचारलं, या बाई कोण?
तो गडबडला. मीही.
सप्लायर, असं तिथं कसं सांगायचं?
'पहचान के हैं.'

त्याचे बूट, चष्मा, फोन सांभाळत
मी पायरीवर उभी.
फोन उजळला. माझाच मेसेज,
सकाळचा, न उघडलेला:
'वेलकम सर, माल बघूनच ठरवा.'
वर नाव: नाशिक गॅस्केट.

निघताना त्यानं चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.
रिक्षात बसता बसता नाव विचारलं.

पंधरवड्यानं मेसेज:
'हेमांगीबेन, चार टक्का करो.'
मी साडेतीनवर अडून बसले.