अधिक सव्वादोन

शिराझच्या त्या गल्लीत जबीह आगांच्या
चष्म्याच्या दुकानाला सील लागून आज एक्केचाळीस दिवस.
बहाईंच्या सणाला त्यांनी शटर ओढलं होतं,
आणि तो सण सरकारी कॅलेंडरात नाही.

मी त्यांची वकील.
माझा धर्म अर्जातल्या रकान्यात बसतो,
त्यांच्यासाठी रकानाच नाही.
बाकी रोटी आम्ही एकाच भट्टीवरून आणतो.

न्यायाधीश फाइल हातभर लांब धरतात,
डोळे बारीक करतात,
अजून लांब धरतात. हात पुरत नाही.

जबीह आगा माझ्या कानाशी लागतात :
यांचा चष्मा तयार आहे.
आतच राहिलाय, तिसऱ्या खणात.
उजवा अधिक सव्वादोन, डावा अधिक दोन.

सांगू का?
नको, म्हणतात,
गिऱ्हाइकाचा नंबर चारचौघांत सांगू नये.

मग मी उभी राहते,
कायद्याचं कलम वाचते,
एकेक शब्द, सावकाश,
दिसत नसलेल्या माणसाला
घरचं पत्र वाचून दाखवावं तसं.

पुढची तारीख पडते.
तीही ते कारकुनाकडून वाचून घेतात.

पायऱ्या उतरताना जबीह आगा थांबतात.
काळजीनेच म्हणतात,
वाढलाय हो नंबर.