पृष्ठ चार, रकाना सतरा

पहाटेचे चार चाळीस. दोरीची शिडी
त्यांनी सोडली खरी, पण दोन हात आखूड.
लाट आमची होडी उचलते त्याच क्षणी झेप घ्यायची.
चुकलं तर खाली नुसतं पाणी,
चार हजार मीटर, कुणाच्याच मालकीचं नसलेलं.

आमच्या बेटावर मासेमारीचा कायदा म्हणजे माझी आत्या.
पौर्णिमेला इकारी अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी जमायचे,
आणि कुणी जाळं नुसतं खांद्यावर टाकलं तरी
नारळीच्या बनातून तिचा आवाज यायचा,
त्याचं नाव घेऊन, मग बापाचं, मग आज्याचंही.
जाळं मुकाट घरी जायचं.
शिक्का नाही, पावती नाही.
इथे तारावा पाच दिवस मागे राहिलंय.
किनाराच नाही, तर ओरडायचं कुठे उभं राहून?

म्हणून मी. तेरेआ बारानिको, निरीक्षक.
नारिंगी जाकीट, गळ्यात ओळखपत्र,
खिशात शिसपेन्सिल, कारण थंडीत शाई गोठते.

कप्तान हसतो. चहा, सिगारेट, मऊ खुर्ची.
मागे फडकतोय तो झेंडा ज्या देशाचा,
त्या देशाला समुद्र आहे की नाही
हेही त्याला ठाऊक नसावं.
नोंदवही देखणी. चौपन्न दिवस
एका शाईत, एका बैठकीत लिहिलेले.
वादळाच्या दिवशीसुद्धा अक्षर सरळ.

जहाजाच्या पोटात उणे पंचावन्न.
ट्यूना ओंडक्यांसारखे रचलेले,
हातोडीने ठोकले तर घंटेसारखे वाजतात.
मी मोजते. शंभर. दोनशे. पापण्या चिकटू लागतात.
सगळं नियमात.
जरा जास्तच नियमात.

मग एक खलाशी, तेगलचा, मिसरूड नुकतं फुटलेलं,
पायांत दोन वेगवेगळे बूट,
बर्फ खरवडता खरवडता एका झाकणावर येऊन थांबला.
कप्तान खेकसला. तो हलला नाही.
माझ्याकडे बघितलंही नाही.
टाच तेवढी, एकदा, दोनदा.
ठक. ठक.

मी दुसऱ्याच कोपऱ्यात दहा मिनिटं घालवली.
उगाच दोन पेट्या उघडायला लावल्या,
कप्तानाला त्याच्या मुलांची चौकशी केली,
मग हातातला टेप पडू दिला.
तो गडगडत त्या झाकणापाशी गेला. म्हणजे, मी घालवला.
"आता आलेच आहे, तर हेही उघडा,"
मी जांभई देत म्हटलं.

खाली पोती. पोत्यांत पर,
कौलांसारखे एकावर एक गोठलेले.
तीनशे बारा किलो शार्कचे पर,
आणि अख्ख्या जहाजावर शार्क एकही नाही.

रकाना नऊ, प्रजाती. रकाना अकरा, वजन.
रकाना सतरा, इतर निरीक्षणे: जागा दोन ओळींची.
तिथे मी लिहिलं, "खलाशी, वय अंदाजे",
आणि आठवलं, एक प्रत कप्तानाला द्यावी लागते.
खोडलं.
शिसपेन्सिलीचा हा आणखी एक उपयोग.

अटक मला करता येत नाही. अहवाल जाईल
झेंड्याच्या देशात, कुणाच्या तरी टेबलावर,
पंख्याच्या वाऱ्यात फडफडेल.
दंड होईल. किंवा होणार नाही.
किंवा नवा रंग, नवं नाव, आणि तेच जहाज.

उतरताना शिडी धरायला तोच पोरगा.
ओठ न हलवता, मोडक्या इंग्रजीत:
आज वार कोणता?
गुरुवार, मी म्हटलं.
आणि महिना?

तेवढ्यात लाट उतरली, होडी खाली गेली,
दोर सुटला, मधे पाणी रुंदावत गेलं.
मी उभी राहिले. सोबत्याने माझा पट्टा पकडला.
छातीत होता तेवढा वारा गोळा करून,
आत्यासारखी,
इंजिनाच्या वरताण मी ओरडले,
ऑगस्ट!
ऑगस्ट!

कप्तानाने हात हलवला.
त्याला वाटलं, निरोप घेतेय.